गॅसकेटचं नंतर बघू, आधी सोनं सोडवा

प्रश्न : आमच्या 2012च्या सात सीटर डिझेल गाडीचं हेड गॅसकेट (इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं सील) तुळजापूरच्या घाटात गेलं. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय धरते, पाणी रोज कमी होतं. गॅरेजवाले 42 हजार सांगतात. मी आणि मेव्हणा मिळून दोन रविवारांत घरीच 15 हजारांत करू. वाचलेले 27 हजार कशात गुंतवू? पगार 48 हजार, दोन मुलं. तीन एंडोमेंट (विमा आणि बचत एकत्र असलेल्या) पॉलिसी आहेत : 20 वर्षं मुदत, वर्षाला 72 हजार हप्ता, सात वर्षं भरले, विमा 13 लाख. एजंट चुलतभाऊच आहे, 12 टक्के पडतात म्हणतो, शेवटी 25 लाख मिळणार. हप्त्यांसाठी बायकोच्या सोन्यावर 12 टक्क्यांनी दीड लाख काढलेत, दोन वर्षं व्याज भरून रिन्यू करतो. गाडीचा विमा फेब्रुवारीत संपला, काम झालं की काढू.
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : 27 हजार वाचणार नाहीत. तुमच्या 15 हजारांत गॅसकेट सेट, ऑइल आणि कूलंट एवढंच दिसतं. हेडचे बोल्ट बहुतेक गाड्यांत एकदा ताणले की पुन्हा वापरत नाहीत, ते नवे घ्या : 2 हजार. हेड फेसिंग (पृष्ठभाग सपाट करून घेणं) आणि प्रेशर टेस्ट (तडा आहे का ते बघणं) 3 हजार. टायमिंग बेल्ट उतरवणारच आहात, तर तो, टेन्शनर आणि वॉटर पंप 6 हजार. थर्मोस्टॅट हजारभर. टॉर्क पाना (ठरलेल्या जोराने आवळणारा) नसेल तर दोन-अडीच हजार; अंदाजाने आवळलेलं हेड महिनाभरात पुन्हा पाणी सोडतं. ऑइलमध्ये पाणी गेलंय, म्हणून एकदा स्वस्त ऑइल भरून, थोडं चालवून काढायचं आणि मग चांगलं भरायचं. बेरीज 30 हजारांच्या आसपास जाते. म्हणजे वाचणार 12.

तेही हेडला तडा नसेल तर. म्हणून हेड उतरवलं की आधी मशीन शॉपला न्या, नवे पार्ट त्यानंतर घ्या. डिझेलचं गॅसकेट जाडीप्रमाणे येतं, कडेच्या खाचा किंवा भोकं मोजून तेवढ्याचंच आणा. ब्लॉकवर सँडिंग डिस्क फिरवू नका, तिची पूड ऑइलमधून बेअरिंगपर्यंत जाते. बोल्टच्या भोकांत ऑइल-पाणी साचलेलं राहिलं तर आवळताना ब्लॉकच तडकतो. बोल्ट मधून बाहेरच्या क्रमाने, टप्प्याटप्प्याने आवळायचे. आकडे त्या गाडीच्या मॅन्युअलमधलेच. आणि गॅसकेट का गेलं तेही शोधा. वर्षानुवर्षं बोअरचं क्षारयुक्त पाणी ओतून रेडिएटर चोंदला असेल, तर येत्या एप्रिलच्या 42 अंशांत नवंही जाईल.

मेव्हण्याने हे काम आधी केलेलं असेल तर घरी करा. नसेल तर गॅरेजला द्या, 42 हजारांत फेसिंग आणि बोल्ट धरलेत का ते लिहून घ्या.

पण काम झाल्यावर ट्रायल मारायला गाडी होटगी रोडवर काढणार, ती विम्याशिवाय? सापडलात तर पहिल्या वेळचा दंड 2 हजार, तो किरकोळ आहे. कुणाला धडक बसली तर भरपाई तुमच्या खिशातून, आणि मृत्यूच्या दाव्यात ती लाखांत जाते. थर्ड पार्टी विमा (दुसऱ्याच्या नुकसानीची भरपाई देणारा) इंजिनच्या क्षमतेप्रमाणे चार ते साडेनऊ हजारांत येतो. पाना हातात घेण्याआधी तो काढा. विमा संपून 90 दिवस उलटले असतील तर नो क्लेम बोनस (दावा न केल्याची हप्त्यातली सूट) गेला, त्यावर आता इलाज नाही.

आता तुम्ही न विचारलेलं. सोन्यावर दोन वर्षांत 36 हजार व्याज गेलं, गॅरेजच्या बिलाला सहाच हजार कमी. हे व्याज कशासाठी? वर्षाला 72 हजार वीस वर्षं भरून 25 लाख, म्हणजे जेमतेम 5 टक्के. खरोखर 12 टक्के असते तर 58 लाख झाले असते. भावाला हे गणित कागदावर मांडायला सांगा. 12 ने पैसे काढून 5 ने ठेवताय. हा धंदा सावकाराला जमतो, तुम्ही उलट्या बाजूला बसलाय. आणि 13 लाख विमा म्हणजे तुमचा सव्वादोन वर्षांचा पगार. दोन मुलांचं त्यात काय होणार?

करायचं ते या क्रमाने. आधी 75 लाख ते एक कोटीचा टर्म विमा, म्हणजे बचत नसलेला, फक्त मृत्यूनंतर पैसे देणारा. तब्येत ठीक, तंबाखू नाही आणि वय चाळिशीच्या आत असेल तर वर्षाला साधारण 15 ते 20 हजार. तंबाखू असेल तर लपवू नका, क्लेम तिथेच अडकतो. ती पॉलिसी हातात आल्यावरच जुने हप्ते थांबवा. तिन्ही पॉलिसींची सरेंडर किंमत (आत्ता मोडल्यास मिळणारे पैसे) आणि पेड-अप रक्कम शाखेतून लेखी आणा, भावाकडून नको. पेड-अप केल्यास हप्ता बंद होतो, विमा 7/20 होतो, म्हणजे तिन्हींचा मिळून साडेचार लाख, आणि जमलेला बोनस मुदतीअखेर मिळतो. एक पॉलिसी सरेंडर करा, उरलेल्या दोन पेड-अप. तिच्यात 1 लाख 68 हजार भरलेत, किमान निम्मे यावेत. तोटा बोचेल, पण ते 84 हजार थेट सोन्याच्या कर्जात टाका. उरले 66 हजार. वाचलेल्या हप्त्यातून टर्मचे 18 वजा जाता वर्षाला 54 हजार हातात राहतात, सव्वा वर्षात दागिने घरी येतील.

कर्ज फिटेपर्यंत एसआयपी (म्युच्युअल फंडातली दरमहाची गुंतवणूक) नको. फिटल्यावर तेच 54 हजार, म्हणजे दरमहा साडेचार हजार, आधी लिक्विड फंडात (लागतील तेव्हा पटकन काढता येणाऱ्या फंडात), दीड लाख जमेपर्यंत. 2027मध्ये गाडीला पंधरा वर्षं होतील, नोंदणी पुन्हा करायला फिटनेस लागेल, तो खर्चही त्यातूनच करा.