प्रश्न वाचकांचे : जखम न उकरता सावरणे

ज्यांच्या मनावर मोठा आघात झाला आहे, अशा माणसांना सावरायला मदत होईल आणि नवे आघात टळतील असे वातावरण शाळेत, वस्तीत किंवा संस्थेत कसे निर्माण करावे, या विषयावर आम्ही प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी पाच येथे घेतली असून पत्रलेखकांची ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

प्रश्न : मी प्राथमिक शाळेत शिकवते. वर्षाच्या मध्यात माझ्या वर्गात नऊ वर्षांचा एक मुलगा दाखल झाला. दार जोरात आपटले किंवा कोणी मागून खांद्यावर हात ठेवला की तो एकदम ताठ होतो आणि पुढच्याच क्षणी समोर असेल त्याला मारतो. सहकाऱ्यांचे म्हणणे असे की त्याला शिस्त लावायला हवी. मला मात्र वाटते की त्याच्यावर काहीतरी गुदरले आहे. मी त्याला जवळ बसवून विचारावे का?

उत्तर : मुद्दाम बसवून विचारू नये. आपण लिहिलेला क्रम मात्र फार मोलाचा आहे : आधी आवाज, मग ताठ होणे आणि त्यानंतर मारणे. बाकीच्यांना त्यातले फक्त शेवटचे दिसते, आपण मधली पायरीही टिपली आहे. मेंदूतील अमिग्डाला हा बदामाच्या आकाराचा भाग धोका हेरतो आणि सारासार विचार करणारा भाग जागा होण्यापूर्वीच शरीराला लढायला, पळायला किंवा थिजून जायला लावतो. जे मूल बराच काळ भीतीच्या छायेत राहिले आहे, त्याच्यात ही यंत्रणा क्षुल्लक इशाऱ्यानेही पेटते. अशा क्षणी ‘का मारलेस?’ हा प्रश्न त्याच्या कानांवर पडतो, पण त्याच्यापर्यंत पोहोचत नाही.

त्यामुळे काम त्या क्षणाच्या आधी करायचे आहे. पाठीशी भिंत असेल आणि दार नजरेसमोर राहील अशी जागा त्याला द्यावी. त्याच्याकडे समोरून जावे, नाव घेऊन जावे आणि विचारल्याशिवाय स्पर्श करू नये. वेळापत्रकात बदल होणार असेल, घंटेची चाचणी असेल किंवा दुसरे शिक्षक तासाला येणार असतील, तर ते त्याला सकाळीच सांगून ठेवावे. तो ताठ झालेला दिसला की आवाज खाली आणावा, दोन पावले मागे सरावे आणि ‘दार आपटले. तू वर्गात आहेस. मी इथे आहे,’ एवढ्या लहान वाक्यांत बोलावे.

सहकाऱ्यांचा शिस्तीचा आग्रह सर्वस्वी चुकीचा आहे असे मी म्हणणार नाही. ज्या मुलाला मार बसला, त्याचेही वर्गातले स्थान सुरक्षित असले पाहिजे आणि झालेली चूक भरून काढायला या मुलाने शिकलेच पाहिजे. ते शिकवायचे मात्र तो शांत झाल्यावर, चारचौघांत मान खाली घालायला न लावता, आणि दर वेळी त्याच नियमाने. नियम कधी बदलेल याचा भरवसा नसणे ही अशा मुलांची जुनी ओळखीची गोष्ट असते. आपल्या वर्गात तरी त्याला उलटा अनुभव मिळू द्या.

तो कधी आपणहून बोलला तर ऐकावे, खोदून विचारू नये आणि ‘मी हे कोणालाही सांगणार नाही’ असे वचन चुकूनही देऊ नये. कारण घरी किंवा अन्यत्र त्याला इजा होत असल्याची शंका आली, तर बालसंरक्षणाच्या नियमांप्रमाणे ती कळवणे आपले कर्तव्य आहे.

एकटी शिक्षिका किती पुरी पडणार, असे आपल्या मनात येत असेल. हवाई बेटांपैकी काउआई येथे 1955 साली जन्मलेल्या 698 मुलांचा मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती मुले चाळिशीत पोहोचेपर्यंत मागोवा घेतला. गरिबी, घरातील कलह, पालकांचे आजारपण किंवा व्यसन अशी अनेक ओझी एकत्र वाहणाऱ्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुले समर्थ, माया लावणारी माणसे म्हणून मोठी झाली. त्यांच्या आयुष्यांत जे पुन्हा पुन्हा आढळले, त्यात एक गोष्ट ठळक होती : त्यांच्यावर मनापासून विश्वास ठेवणारे निदान एक मोठे माणूस त्यांना लाभले होते, कधी आजी, कधी शेजारी, तर कधी शिक्षक.

प्रश्न : आमच्या वसाहतीत लागलेल्या आगीत काही कुटुंबांची घरे गेली. मन मोकळे व्हावे म्हणून सर्वांना एकत्र बसवून प्रत्येकाला आपला अनुभव सविस्तर सांगायला लावावे, असा आमच्या समितीचा विचार आहे. हे योग्य ठरेल का?

उत्तर : समितीचा हेतू निर्मळ आहे, तरीही हा बेत रद्द करावा अशी माझी कळकळीची विनंती आहे. आपत्तीनंतर लगेच सर्वांना एका बैठकीत सगळे बोलायला लावण्याची पद्धत एकेकाळी जगभर रूढ होती. पुढे तिची तपासणी झाली तेव्हा 2002 च्या कॉक्रेन आढाव्यात, म्हणजे अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या अभ्यासात, असे दिसले की अशा एका बैठकीने आघातोत्तर तणावविकार, म्हणजे आघातानंतर दीर्घकाळ त्याच आठवणी आणि भीती छळत राहण्याचा आजार, टळत नाही. भाजलेल्या रुग्णांवरील एका चाचणीत तर 13 महिन्यांनंतर अशी बैठक झालेल्यांपैकी 26 टक्के जणांना हा विकार होता, न झालेल्यांत हे प्रमाण 9 टक्के होते. शरीर अजून सावरलेले नसताना तोच प्रसंग बारकाव्यांसह पुन्हा जगायला लावणे, शिवाय शेजाऱ्याचा भयंकर अनुभवही ऐकायला लावणे, हे काहींना झेपत नाही. ज्याला बोलायचे आहे त्याच्यासाठी ऐकणारा माणूस असावा आणि ज्याला गप्प राहायचे आहे त्याच्या गप्प राहण्याला मान असावा.

मग करावे काय? जागतिक आरोग्य संघटनेने इतर संस्थांसह 2011 साली मानसिक प्रथमोपचाराची जी मार्गदर्शिका काढली, तिचा गाभा तीन क्रियापदांत मावतो : पाहा, ऐका, जोडून द्या. कोण सुरक्षित नाही, कोणाची औषधे जळाली आहेत, कोणते मूल आपल्या माणसांपासून दूर पडले आहे, ते आधी पाहा. जो बोलेल त्याचे घाई न करता ऐका. नंतर त्याला नातेवाइकांशी, निवाऱ्याशी, कागदपत्रे पुन्हा काढून देणाऱ्या कार्यालयाशी जोडून द्या. जळालेल्या ओळखपत्राचा अर्ज भरून देणे हे मानसिक आधाराचेच काम आहे, हे समितीतील प्रत्येकाला पटवून द्यावे. आघातात आयुष्याची सूत्रे हातातून निसटतात, आणि एखादा अर्ज मार्गी लागला की त्यांतले एक तरी पुन्हा हाती येते. म्हणून मदतीचे निर्णयही त्या कुटुंबांना विचारून घ्यावेत. कोणी कुठे राहायचे, मुलांनी शाळेत कधी परतायचे, हे समितीने परस्पर ठरवू नये.

सुरुवातीचे काही आठवडे झोप न लागणे, दचकणे, धुराच्या वासाने छाती धडधडणे हे स्वाभाविक असते आणि बहुतेक माणसे जिव्हाळ्याच्या माणसांत राहून यातून हळूहळू बाहेर पडतात. महिना उलटूनही हा त्रास तसाच राहिला, वाढला किंवा रोजचे व्यवहार अडू लागले, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे. त्यांच्याकडे आघातावर परिणामकारक ठरलेले उपचार आहेत. कोणी जीव नकोसा झाल्याचे बोलत असेल, तर महिन्याची वाट न पाहता त्याच दिवशी न्यावे आणि तोवर त्याला एकटे सोडू नये.

प्रश्न : छळ, हेळसांड, घरातील व्यसन अशा बालपणीच्या प्रतिकूल अनुभवांची प्रश्नावली मी इंटरनेटवर भरली. दहापैकी सहा गुण आले आणि तेव्हापासून मी हादरले आहे. माझे आयुष्य आता असेच आजारांत जाणार का?

उत्तर : नाही. हा आकडा आपले भविष्य सांगत नाही. व्हिन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट अँडा यांनी 1998 साली अमेरिकेतील प्रौढांचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यातून ही कल्पना पुढे आली. त्यातील अर्ध्याहून अधिक लोकांनी बालपणी निदान एका प्रकारचा प्रतिकूल अनुभव आल्याचे सांगितले होते आणि असे प्रकार जितके अधिक, तितका मोठेपणी नैराश्य, व्यसन आणि हृदयविकार यांचा धोका अधिक, असे आढळले. हे निष्कर्ष हजारो माणसांच्या समूहाविषयीचे आहेत. एका व्यक्तीचे पुढे काय होईल हे सांगायला हा गुणांक वापरू नये, असा इशारा खुद्द अँडा यांनीच 2020 साली सहलेखकांसह दिला. अनुभव किती तीव्र होता, किती काळ चालला, किती वयात आला आणि तेव्हा पाठीशी कोण होते, यांतले काहीही त्या आकड्यात मोजलेले नसते.

तरीही आपल्याला बसलेला धक्का खरा आहे, कारण ती उत्तरे देताना आपण एकटीने बरेच काही आठवले असणार. तो आकडा बाजूला ठेवून ही गोष्ट एखाद्या समुपदेशकाशी बोलावी. अशा प्रश्नावल्या पुढे कसलाही आधार न देता भरून घेणाऱ्या संस्थांनीही आपल्या पद्धतीचा फेरविचार करावा, असे मला निक्षून सांगावेसे वाटते.

प्रश्न : आमच्या मंडळाकडे मनुष्यबळ थोडे आहे. आघात झाल्यावर धावण्यापेक्षा तो टाळण्यासाठी कुठून सुरुवात करावी?

उत्तर : लहान मुलांच्या आईवडिलांवरचा ताण हलका करण्यापासून. न्यूयॉर्क राज्यातील एल्मायरा येथे डेव्हिड ओल्ड्स यांनी 1977 साली सुरू केलेल्या प्रयोगात गरोदरपणापासून मूल दोन वर्षांचे होईपर्यंत प्रशिक्षित परिचारिका घरी जात असत. पंधरा वर्षांनी पाहिले तेव्हा या कुटुंबांत मुलांची हेळसांड आणि छळ यांची नोंदलेली प्रकरणे इतरांच्या तुलनेत जवळपास निम्मी होती. त्या परिचारिका उपदेश करायला जात नव्हत्या. बाळ रडते तेव्हा काय करावे, पैशाची नड कशी भागवावी, शिक्षण पुन्हा कसे सुरू करावे, अशा प्रश्नांत त्या आईच्या सोबतीला असत. आपल्याकडे परिचारिका नसतील, पण बाळंतपणानंतर महिनोन्‌महिने ठरल्या दिवशी दार वाजवणारे एक विश्वासू माणूस नेमता येईल. ठरला दिवस चुकवू नये, एवढे पथ्य मात्र कडक पाळावे.

दुसरे उदाहरण झिम्बाब्वेचे. तेथे मानसोपचारतज्ज्ञ अगदी मोजके होते. त्यांपैकी एक, डिक्सन चिबांडा यांनी 2006 साली हरारे शहरात आरोग्य केंद्रांच्या आवारात लाकडी बाके ठेवली आणि वस्तीतल्याच वयस्क स्त्रियांना प्रशिक्षण देऊन तेथे बसवले. नैराश्य हा शब्द न वापरता त्या शोना भाषेतील ‘कुफुंगिसिसा’, म्हणजे अति विचार करणे, याविषयी बोलत. आलेल्या माणसाने आपल्या अडचणींतली एक निवडायची आणि तिच्यावर एक पाऊल ठरवायचे, अशी रीत होती. 573 जणांच्या चाचणीचे निष्कर्ष 2016 साली प्रसिद्ध झाले, त्यांत सहा महिन्यांनंतर या बाकावर आलेल्यांचा त्रास इतरांपेक्षा स्पष्टपणे कमी आढळला. या स्त्रिया अनुभवी होत्या, पण केवळ अनुभवाच्या बळावर बसल्या नव्हत्या. त्यांना शिकवलेले होते आणि अवघड प्रसंगी सल्ला विचारायला वरचे माणूस होते. बाक ठेवणे सोपे आहे, ही मागची व्यवस्था उभी करण्यात आपली शक्ती घालावी.

प्रश्न : मी हिंसाचारग्रस्त स्त्रियांसाठीच्या केंद्रात काम करते. दिवसभर ऐकलेले रात्री डोळ्यांसमोर येते. अलीकडे मी त्या बायकांवरच चिडू लागले आहे आणि मला त्याची लाज वाटते.

उत्तर : लाज वाटून घेऊ नये. सतत दुसऱ्यांच्या यातना ऐकणाऱ्याचे मनही थकते आणि चिडचिड ही अनेकदा त्या थकव्याची पहिली खूण असते. केंद्रातील कामाची रचना आपल्याला पुरेशी उसंत देत नाही, असाही त्याचा अर्थ आहे, म्हणून यावरचा उपाय एकट्या आपल्या गळ्यात पडू नये. प्रमुखांकडे नेमके मागावे : सलग किती मुलाखती घ्यायच्या याची मर्यादा, दोन मुलाखतींमध्ये मोकळी पंधरा मिनिटे, आणि आठवड्यातून एकदा अनुभवी व्यक्तीसोबत अवघड प्रकरणांवर बोलण्यासाठी राखून ठेवलेला तास. हा तास कामाच्या वेळेतच असावा. सहकाऱ्यांची अवस्थाही बहुधा अशीच असेल, तेव्हा शक्य असल्यास ही मागणी दोघीतिघींनी मिळून करावी. तोपर्यंत घरी निघण्यापूर्वी त्या दिवसाच्या नोंदी केंद्रातच पूर्ण करून कपाटात ठेवाव्यात. ती कागदपत्रे घरी आणू नयेत. झोप अशीच उडालेली राहिली, तर आपण ज्या तज्ज्ञांकडे इतरांना पाठवता, तशाच एखाद्याकडे स्वतःसाठीही वेळ घ्यावी.