दुबईहून परत येऊन चिपळूणला एसीचं दुकान टाकतोयस, तर थोडं ऐक

भावा, तिकडे एसी बाराही महिने चालतो. इकडे मार्च ते मे फोन ठेवायला उसंत नसते आणि जूनचा पाऊस लागला की शटर उघडून माशा मारायच्या. म्हणून मी फ्रीज, डीप फ्रीझर आणि मच्छीवाल्यांची शीतपेटी धरली. चार महिन्यांचं भाडं त्यावरच निघतं.

तिकडची एक सवय मात्र सोडू नकोस: जॉब कार्ड. गॅस किती भरला, कॉइल कधी धुतली, सगळं लिहून गिऱ्हाइकाची सही घे. सुरुवातीला लोक हसले, ‘मोठा दुबईवाला!’ आता सोसायट्या तेच कार्ड बघून वर्षाचं काम देतात.

उधारी? ‘गणपतीत देतो’ म्हणणाऱ्याला गणपती कुठला ते आधी विचार. आणि मेव्हण्याला गल्ल्यावर बसवू नकोस, हे मी पैसे मोजून शिकलोय.

कायमचा आलास ना, मग बँकेत जाऊन एनआरई खातं, म्हणजे परदेशात राहणाऱ्या भारतीयांचं खातं, निवासी करून घे. ते तसंच चालवता येत नाही, व्याजाची करमाफीही जाते. साठवलेलं सगळं गाळ्याच्या पागडीत घालू नकोस. पहिला पावसाळा भाड्याच्या गाळ्यातच काढ.