तालीम: करायची की जायची?

खानापूरच्या एका वाचकांनी सुट्टीत लागोपाठ दोन चित्रपट पाहिले, एक कुस्तीचा आणि एक ऐतिहासिक. पहिला त्यांना आवडला. दुसऱ्यात राजापासून हुजऱ्यापर्यंत प्रत्येक जण सभेत बोलल्यासारखा बोलतो, अशी त्यांची तक्रार आहे आणि ती मला मान्य आहे. मात्र त्यांनी विचारले आहे ते वेगळेच. कुस्तीच्या चित्रपटातला पैलवान 'आखाड्यात राहतो', तर ऐतिहासिक चित्रपटाच्या नायकाने मुलाखतीत 'सहा महिने तलवारीची तालीम केली' असे सांगितले. तालीम ही जागा असताना ती 'करता' कशी येईल, आणि पडद्याखाली 'तालिमीत' असे छापले होते ते बरोबर आहे काय, असा त्यांचा दुहेरी प्रश्न आहे.

आखाड्याचे आधी उरकतो, कारण ही चूक ऐकून माझे कान किटले आहेत. पैलवान आखाड्यात राहत नाही, आखाड्यात उतरतो. संस्कृतातल्या 'अक्षवाट' या शब्दापासून आलेला आखाडा म्हणजे झुंजीची जागा, माती आणि तिच्याभोवतीची कड. पैलवान राहतो तो तालमीत. तिथे कुस्तीच्या मातीचा हौदा असतो, वस्ताद असतात, खुंटीला लंगोट वाळत असतात आणि पहाटे चारला उठवणारे कोणीतरी असते. म्हणूनच आपण 'राजकारणाचा आखाडा' म्हणतो, 'राजकारणाची तालीम' म्हणत नाही. हिंदीतून उचललेल्या संवादांमुळे हा घोळ झाला आहे. याच वाटेने 'दंगल'ही आपल्याकडे येऊ पाहते. हिंदीत दंगल म्हणजे कुस्त्यांचे मैदान, पण मराठीत दंगल झाली की पोलिसांची गाडी येते, हे जाहिराती लिहिणाऱ्यांनी एकदा ध्यानात घ्यावे.

आता तालीम. हा शब्द अरबी असून त्याचा मूळ अर्थ 'शिकवणे' एवढाच आहे. इल्म म्हणजे ज्ञान, आलिम म्हणजे ज्ञानी, मालूम म्हणजे ठाऊक असलेले. ही सारी एकाच धातूची लेकरे आणि तालीम हे त्यांचेच भावंड. उर्दूत तालीम म्हणजे आजही शिक्षणच, आणि १९३७ मध्ये वर्ध्याहून गांधीजींनी मांडलेली 'नई तालीम' ही दंड-बैठकांची योजना नव्हती. मला खरा आनंद होतो तो या शब्दाच्या साच्यामुळे. अरबीत धातूवरून क्रियावाचक नाम घडवण्याचा एक ठरावीक साचा आहे आणि त्यातून पडलेले कितीतरी शब्द मराठीत रोज वापरात आहेत: तजवीज, तामील, तारीफ, तसबीर, तहसील. यांतली 'तहसील' पाहा. मुळात तो वसूल करण्याच्या क्रियेचा शब्द. पुढे ज्या मुलखातून वसुली व्हायची तो मुलूख तहसील झाला, आणि आज आपण उताऱ्यासाठी तहसीलमध्ये खेटे घालतो ती तर चक्क एक इमारत आहे. 'तसबीर' म्हणजे चित्र काढणे. आपण ती भिंतीला टांगतो. नेमक्या याच रीतीने शिकवण्याची क्रिया असलेली तालीम शिकवण्याची जागा झाली. तेव्हा वाचकांच्या प्रश्नाची दिशाच उलटी आहे. तालीम 'करणे' हे मूळच्या जवळचे, आणि तालमीत 'जाणे' हे आपण मागाहून बांधलेले घर आहे.

काही महिन्यांपूर्वी एका व्याख्यानात एका विद्वानांनी तालीम हा शब्द 'ताल ठोकणे' यावरून आला, असे ठणकावून सांगितले. मराठी पैलवान ताल ठोकत नाही, शड्डू ठोकतो. ताल ठोकतो तो हिंदी पैलवान. शिवाय त्या 'ताल'ला शेपूट म्हणून लागलेला 'ईम' कोणत्या भाषेतला प्रत्यय, हे विचारल्यावर त्यांनी शब्द परका ठरवण्याच्या माझ्या हौसेवर दहा मिनिटे घेतली. त्यांचाच आग्रह होता की तालमीऐवजी व्यायामशाळा म्हणावे. म्हणावे, पण मग एखादा गायक अमक्या उस्तादांच्या व्यायामशाळेत तयार झाला, असे लिहावे लागेल.

गायकाचा हा दाखला मी गंमत म्हणून दिलेला नाही. आपल्या या बेळगाव पट्ट्यात गाणे आणि कुस्ती यांना एकच शब्द पुरला आहे. सुळेभावीत १९२४ साली जन्मलेल्या कुमार गंधर्वांच्या गावाजवळचा माणूस 'तालीम घेतली' म्हणाला, तर ती गाण्याची की मातीतली हे पुढचे वाक्य ऐकल्याशिवाय कळत नाही. गुरूचेही तसेच. फारसीतला 'उस्ताद' गाण्याच्या बैठकीत उस्तादच राहिला आणि तालमीत येऊन वस्ताद झाला. शिकवणारा तोच, शिकवणे तेच, फक्त एकाच्या हाती तंबोरा आणि दुसऱ्याच्या अंगाला लाल माती.

नाटकाची तालीम कुठून आली, याबद्दल माझे एक मत आहे, आणि ते कोशांत शोधू नये. सांगलीत १८४२ मध्ये कर्नाटकातून पौराणिक खेळ करणाऱ्या भागवत मंडळींचे खेळ आले आणि पुढच्याच वर्षी तिथे विष्णुदास भावे यांचे 'सीतास्वयंवर' रंगले. त्या काळच्या पौराणिक नाटकात सूत्रधार गाई आणि राक्षस तलवारी घेऊन आरडाओरडा करीत थैमान घाली. म्हणजे एकाला गाण्याची तालीम हवी आणि दुसऱ्याला दांडपट्ट्याची. दोन्ही तालमी एकाच मंडळीत, एकाच ओसरीवर चालल्या असतील, तर नाटकाच्या सरावाला वेगळा शब्द कोण कशाला शोधेल? बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे अण्णासाहेब किर्लोस्कर १८८० मध्ये 'शाकुंतल' घेऊन रंगभूमीवर आले, तोवर हा शब्द नाटकवाल्यांच्या तोंडी चांगला मुरला असावा, असे मला वाटते.

कानडीची साक्षही पाहण्यासारखी आहे. कानडीत पैलवानांच्या जागेला 'गरडी मने' असे स्वतंत्र नाव आधीच होते, त्यामुळे 'तालीमु' हा शब्द तिथे मुख्यतः सरावाच्या कामी आला. म्हैसूरच्या दसऱ्याआधी हत्तींना मिरवणुकीच्या वाटेवरून फिरवतात, त्यालाही कानडी वर्तमानपत्रे तालीमुच म्हणतात. उलट कोल्हापुरात जागेचा अर्थ इतका फुगला की तालीम फुटबॉल खेळू लागली. पाटाकडील तालीम मंडळ आणि दिलबहार तालीम मंडळ हे तिथले नावाजलेले फुटबॉल संघ आहेत. फुटबॉलवर चित्रपट काढणाऱ्या कुणालाही एवढे तयार कथानक सापडणार नाही.

आमच्या गल्लीत तर दोन्ही अर्थ एकाच छपराखाली नांदतात. बेळगावची शिवजयंती वैशाखातली, आणि चित्ररथावरच्या सजीव देखाव्याची तयारी महिनाभर आधी सुरू होते. रात्री नऊनंतर तालमीत हौद्यावर ताडपत्री पसरतात आणि तिच्यावर पत्र्याच्या तलवारी घेतलेले मावळे तालीम करतात. परवा अफजलखानाचे काम करणारा पोरगा ताडपत्रीला अडखळून पडला, तेव्हा वस्ताद कोपऱ्यातून ओरडले, "पाय उचल की रे, कुस्तीत बी हेच करतोस!" दोन्ही तालमींचा परीक्षक एकच असल्याने त्याला ते मुकाट्याने ऐकावे लागले.

राहता राहिले रूप. 'तालमीत' हेच बरोबर. तीन अक्षरी शब्दात पहिले अक्षर दीर्घ आणि मधले ई किंवा ऊ असेल, तर सामान्यरूपात, म्हणजे प्रत्यय लागताना, त्या मधल्याचा अ होतो: लाकूड, लाकडाला, काळीज, काळजाला, पाटील, पाटलाला, तालीम, तालमीला. पहिले अक्षर ऱ्हस्व असेल, तर मधले नुसते ऱ्हस्व होते: वकील, वकिलाला, जमीन, जमिनीला. पडद्याखाली 'तालिमीत' छापणाऱ्याने तालमीला जमिनीच्या पंक्तीला बसवले आहे. तोच उद्या 'पाटिलांचा वाडा' लिहील.