‘मासा टाकीएवढाच वाढतो’

प्रश्न : काका, माझ्याकडं तीन बाय एक बाय दीड फुटाची माशांची टाकी आहे. त्यात चार इंची ऑस्कर आणि सात इंची सिल्व्हर अरोवाना आहे. दुकानदार म्हणतो, मासा टाकीएवढाच वाढतो, बिनधास्त ठेवा. जोडीला एक शार्क आणावा म्हणतोय. चार फुटी टाकी घेतली तर तिघं बसतील का? टाकी माडीवर ठेवणार आहे. घर जुनं, तुळयांचं आहे.
— एक वाचक, शुक्रवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : बाळा, लहान पायताण घातलं म्हणून पोराचा पाय वाढायचा थांबत नाही, वाकडा होतो. माशाचंही तसंच. छोट्या टाकीत त्याचीच घाण त्याच्या अंगावर येते. वाढ खुंटते ती त्या घाणीनं, आणि आयुष्यही तिथंच खुंटतं. टाकी बघून मासा लहान राहिला असं काही नसतं.

तुझी टाकी साडेचार घनफुटांची, म्हणजे काठोकाठ भरली तरी 127 लिटर. ऑस्कर नीट खाल्ला-प्याला तर वर्षभरात दहा-बारा इंचांचा होतो. तुझ्या टाकीची रुंदीच बारा इंच! तो वळणार कसा? लोक लांबी विचारतात, उंची विचारतात, रुंदी कुणी विचारत नाही. मोठ्या माशाला खरी गरज रुंदीची. अरोवाना घरात दोन-अडीच फुटांचा होतो, नदीत तीन फुटांपर्यंत जातो. त्याला किमान आठ बाय तीनची टाकी लागते. अडीच फूट खोल धरली तर 1700 लिटर, म्हणजे 1700 किलो नुसतं पाणी. ते तुझ्याच्यानं होणार नाही, आणि लाज वाटायचं काही कारण नाही. माझ्याच्यानंही झालं नाही.

माझा पहिला अरोवाना रात्री दोनला टीव्हीमागं धडपडताना सापडला, उचलेपर्यंत गेला. ॲमेझॉनच्या काठानं हे मासे पाण्याबाहेर उडी मारून फांदीवरचे किडे टिपतात. माझी झाकणाची काच हलकी होती. पुढच्या अरोवानाला मी झाकणावर आईचा वरवंटा ठेवला होता. ती महिनाभर बोलली नाही.

तेव्हा अरोवाना आत्ताच, लहान आहे तोवर, मोठी टाकी असलेल्या कुणाला तरी दे. ऑस्करसाठी चार बाय दोन बाय दोन कर. 453 लिटर होतात. काच बारा मिलिमीटरची घे, वर आडव्या पट्ट्या मार. सोबतीला पाच-सहा सिल्व्हर डॉलर मासे ठेव. ते उंच, पसरट असतात, मोठे झाल्यावर ऑस्करच्या तोंडात मावत नाहीत, आणि थव्यानं फिरतात म्हणून एकट्यादुकट्यावर राग निघत नाही. फक्त ते ऑस्करच्याच मापाचे बघून आण. ऑस्करच्या तोंडात मावेल ते सगळं अन्न, हा एकच नियम पाठ कर. निऑन टेट्रासारखा इवलासा मासा टाकलास तर तो सकाळचा नाष्टा. झाडं लावू नकोस, तो एका रात्रीत उपटून ठेवतो.

दुकानात शार्क म्हणून विकतात तो शार्क नव्हे, पंगासियस. हॉटेलात बासा म्हणून ताटात येतो तोच. तीन फुटांच्या पुढं जातो, आणि इतका भित्रा की दिवा लागला तरी काचेवर आपटून नाक फोडून घेतो. नको.

आता माडी. चार बाय दोनच्या टाकीचं पाणी, काच, अँगलचा स्टँड धरून सहाशे किलोच्या आसपास जातं, आणि तेही आठ चौरस फुटांवर, म्हणजे जेमतेम पाऊण चौरस मीटरवर. घराचा सिमेंटचा स्लॅबसुद्धा साधारण चौरस मीटरला दोनशे किलो धरून काढतात. तुझ्या तर तुळया, त्यांचं वय किती ते कुणाला माहीत. खालीच ठेव, भिंतीला लागून. पण तू शुक्रवार पेठेतला, पंचगंगा शेजारी. 2019च्या ऑगस्टातल्या महापुरात माझ्या शाहूपुरीतल्या घरी पाणी उंबऱ्याशी येऊन थांबलं, पण वीज गेली, टाकीचा हवेचा पंप बंद. शिंगणापूरचं उपसा केंद्र बुडालं म्हणून नळही बंद. तासातासाला मगानं पाणी उचलून वरून ओतत बसलो, ऑस्कर वाचले. तेव्हापासून बॅटरीवरचा एअर पंप आणि भरलेलं पिंप घरात असतंच. स्टँड तीन फुटी कर.

बाकी थोडक्यात. नळाचं पाणी पिंपात रात्रभर उघडं ठेव, क्लोरीन उडतो. आठवड्याला तीसेक टक्के पाणी बदल. हिवाळ्यात हीटर लागतोच, 26 अंशांवर ठेव. आणि खायला जिवंत गोल्डफिश टाकत असशील तर बंद कर. बघायला मजा येते, पण त्यांच्याबरोबर रोग येतात आणि त्यांच्यातल्या एका घटकानं बी-1 जीवनसत्त्व नासतं. सोललेले झिंगे आणि चांगल्या प्रतीचे पेलेट, म्हणजे खाद्याचे दाणे, पुरतात.

प्रश्न : माझा ॲलिगेटर गार मासा दीड फुटाचा झालाय, टाकीत मावत नाही. रंकाळ्यात सोडला तर जगेल का?
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : जगेल, हीच तर भीती आहे. गार वर येऊन हवा घेतो, त्यामुळं घाण पाण्यातही तग धरतो. मूळचा उत्तर अमेरिकेचा, सहा फुटांच्या पुढं वाढणारा. 2023 मध्ये श्रीनगरच्या दल सरोवरात असाच गार सापडला होता. कुणीतरी तुझ्यासारखाच कंटाळून सोडला असणार. रंकाळ्यातले आपले मासे या तोंडापुढं टिकायचे नाहीत. पंचगंगा, कळंबा, शेततळं, कुठंच सोडू नकोस. ज्यानं विकला त्याला परत दे. तो नाही म्हणाला तर मोठा हौद असलेल्या शौकिनाला फुकट दे, पैसे मागू नकोस. आणि कुणीच घेत नसेल तर मला कार्यालयाच्या पत्त्यावर कळव, माझ्या माहितीत उंचगावकडं एकाकडं सिमेंटचा हौद आहे. त्याला विचारून बघतो.