‘मूल्यवान व्यक्ती’ की ‘मोलाचा माणूस’?

प्रश्न असा: ख्रिस्ती मंडळीच्या तरुण संघाच्या शिबिराला ‘मूल्यवान व्यक्ती बनणे’ हा विषय ठरला आहे. विचारणाऱ्या ताईंच्या कानाला तो खटकतो. ‘मूल्यवान’ऐवजी ‘मोलाची’ म्हणावे की ‘किमती’, आणि पवित्र शास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या मराठीत यातले काय बसते, असे त्यांनी विचारले आहे.

ताई, तुमचा कान बरोबर सांगतो आहे. मात्र ‘मूल्यवान’पेक्षा मला ‘बनणे’ जास्त खटकते. दोन्हींबद्दल लिहितो.

मूल्य आणि मोल मुळात एकच. संस्कृत मूल्य, प्राकृत मोल्ल, त्यावरून मराठी मोल. तत्सम रूप पुस्तकात राहिले: मूल्यमापन, अवमूल्यन, मूल्यशिक्षण. तद्भव रूप बाजारात आणि घरात वावरले: मोलमजुरी, मोलकरीण, कवडीमोल, मातीमोल. तुकोबांच्या ‘मोले घातले रडाया, नाही आसू आणि माया’ मधले मोल म्हणजे चक्क भाडोत्री रडण्याचे पैसे. आणि हाच बाजारातला शब्द माणसाला लागला की सगळा व्यवहार गळून पडतो. एखादा गेल्यावर ‘लाखमोलाचा माणूस गेला’ म्हणतात. कोणी लाखाचा हिशेब मागत नाही. तिथे ‘मूल्यवान व्यक्ती गेली’ म्हणून पाहा, शोकसभेच्या ठरावाचा वास येतो. ‘किमती’ हे शालूला, घड्याळाला ठीक आहे, माणसाला नको.

‘किंमत’ या अरबी शब्दाची गोष्ट मात्र वेगळी. ‘घरात त्याला काडीची किंमत नाही’ म्हणतो तेव्हा आपल्याला मान म्हणायचे असते. नव्या कराराच्या ग्रीकमध्ये ‘तिमे’ या शब्दाचे असेच आहे: दामही तोच आणि मानही तोच. प्रेषित पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या 6व्या अध्यायाच्या शेवटी, ‘तुम्ही मोल देऊन विकत घेतलेले आहात’ या वचनात हाच शब्द आहे. पौलाचे हे शब्द ऐकणाऱ्यांत दास होते. 7व्या अध्यायात तो त्यांच्याशी थेट बोलतो आणि तिथेही हेच वाक्य पुन्हा येते. ज्यांची बाजारात खरोखरच बोली लागत असे, त्यांच्या कानांवर ते कसे पडले असेल याचा विचार करावा.

आता ‘बनणे’कडे येतो. मराठीत मोल कोणीतरी ठरवतो, करतो किंवा देतो. वस्तू स्वतःचे मोल ठरवत नाही. ख्रिस्ती शिकवणीला ही वाक्यरचना फार जवळची आहे, कारण तिथेही माणसाचे मोल देणाऱ्यावरून कळते. प्रभू येशूच्या तोंडचे चिमण्यांचे उदाहरण घ्या. मत्तयाच्या शुभवर्तमानात दोन चिमण्या एका दमडीला आहेत. मूळ नाणे अस्सारियन, म्हणजे मजुराच्या दिवसाच्या दिनाराचा सोळावा भाग. लूकाच्या शुभवर्तमानात मात्र दोन दमड्यांना पाच. हिशेबाने चार यायला हव्यात. पाचवी वर फुकट, भाजीवाली कढीपत्त्याची काडी टाकते तशी. आणि प्रभू म्हणतो, त्यांतल्या एकीचाही देवाला विसर पडत नाही. म्हणजे जिला बाजाराने हिशेबातच धरले नाही, त्या पाचवीचाही नाही. त्याला जोडूनच वाक्य येते की पुष्कळ चिमण्यांपेक्षा तुमचे मोल अधिक आहे. तुम्ही अमुक केलेत तर अधिक होईल, असे तिथे नाही. ‘आहे’ असे आहे.

याची दुसरी बाजूही शास्त्रात आहे. जुन्या करारातल्या निर्गम या पुस्तकाच्या 21व्या अध्यायात बैलाने दासाला मारले तर धन्याला तीस शेकेल चांदी द्यावी असा नियम आहे. दासाच्या जिवाची ही भरपाई. येशूला धरून देणाऱ्या यहूदाला मिळालेली नाणी तीसच. ज्याने आपले मोल भरले, त्याचे मोल माणसांनी दासाएवढे केले. मत्तयात हा व्यवहार वाचताना मला दरवेळी थांबावे लागते.

मग माणसाने काही व्हायचेच नाही का? व्हायचे आहे, पण त्यासाठी शब्द दुसरे आहेत. फिलेमोनाला लिहिलेले पत्र या शिबिरात वाचून घ्याच. एकच अध्याय आहे. अनेसिम हा फिलेमोनाचा दास, धन्यापासून दुरावलेला. ग्रीकमध्ये अनेसिम या नावाचाच अर्थ उपयोगी असा होतो. पौल त्यावर शब्दखेळ करतो: पूर्वी तो तुला निरुपयोगी होता, आता तुला आणि मलाही उपयोगी आहे. हे झाले 11वे वचन. पण 10व्या वचनात पौल त्याला आधीच ‘माझे लेकरू’ म्हणून बसला आहे. लेकरू आधी, उपयोग मागाहून. पुढे तर ‘तो तुझे काही देणे लागत असेल तर ते माझ्या हिशेबी मांड’ असेही म्हणतो. ‘बनणे’ या क्रियापदात हा क्रम उलटतो. आधी उपयोगी पड, मग तुला किंमत देऊ, असा त्याचा सूर लागतो. आणि परीक्षेत मागे पडलेली, नोकरी न लागलेली, घरच्यांनी हिणवलेली मुले शिबिराला आली तर त्यांना नेमका तोच सूर ऐकू जाईल. मला हे फार लागते, म्हणून इतके सविस्तर लिहितो आहे.

हाच क्रम केडगावला प्रत्यक्षात उतरला. 1896-97च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून ज्या बाया आणि मुली आणल्या, त्या उपाशी होत्या, कित्येक आजारी होत्या, घरादाराला नकोशा झालेल्या होत्या. त्यांना आधी आसरा मिळाला; विणकाम, शेती, छपाई हे सगळे नंतर. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून केलेले पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशन या आश्रमाच्याच छापखान्यात, तिथल्या स्त्रियांच्या हातांनी छपाईचे खिळे जुळवून छापले गेले. रमाबाई 1922 मध्ये गेल्या, ग्रंथ 1924 मध्ये बाहेर आला. तिथे अंध मुलीही होत्या, ज्यांच्याकडून खिळे जुळणार नव्हते. त्यांनाही जागा तीच होती.

वाढण्यासाठी आपल्या मराठी शास्त्रात आणखी एक सुंदर क्रियापद आहे: शोभणे. इफिसकरांस पत्राच्या 4थ्या अध्यायाच्या सुरुवातीला ‘तुम्हाला झालेल्या पाचारणाला शोभेल असे’ चालायला सांगितले आहे, आणि फिलिप्पैकरांस ‘सुवार्तेला शोभेल असे’ आचरण ठेवायला. मूळ ग्रीक ‘अक्सिओस’मध्ये तराजूची दोन पारडी समतोल असण्याची कल्पना आहे. भाषांतरकारांना ‘लायक’ वापरता आले असते. त्यांनी ‘शोभेल’ घेतले आणि मराठीचे भले केले, कारण ‘लायकी’ शब्द आपल्याकडे भांडणात फार वापरला जातो. ‘हे तुला शोभत नाही’ असे आई म्हणते तेव्हा ती मुलाचे नाते कापत नसते. त्या नात्याच्या जोरावरच बोलत असते.

जाता जाता एक सूचना. ‘खंडणी’ हा शब्द शिबिरात येणारच, कारण मनुष्याचा पुत्र, म्हणजे येशू, आपला जीव खंडणी म्हणून द्यायला आला असे मार्काच्या 10व्या अध्यायात आहे. आजच्या मुलांना खंडणी म्हटले की पोलिसांच्या बातम्या आठवतात. तिथे ‘सोडवणुकीसाठी भरलेले मोल’ असे आधी समजावून सांगा, मग वचन वाचा.

तर फलकासाठी माझी पसंती: ‘मोल मिळाले आहे, शोभेल असे जगू या’. मूळ विषयाच्या जवळच राहणे भाग असेल, तर निदान ‘मोलाचा माणूस’ करा आणि ‘बनणे’ काढून टाका. एखाद्या सत्रात सचोटी, क्षमा, सेवा यांबद्दल बोलायचे असेल तर तिथे अनेकवचनी ‘मूल्ये’ निःसंकोच वापरा. ती जपायची असतात आणि शिकताही येतात.