तिनं कॅमेरा मागितलाय, करिअर नाही

(नाशिकच्या सिडकोतून एका वडिलांचं पत्र आलं आहे. मुलगी अकरावी सायन्सला, दहावीला 86 टक्के. वर्षभर डीएसएलआरचा (लेन्स बदलता येणाऱ्या, आरशाच्या कॅमेऱ्याचा) हट्ट चालू आहे. ‘सीईटीत 95 पर्सेंटाइल काढ, कॅमेरा घेऊन देतो,’ असं त्यांनी सांगून ठेवलंय. सारखी फोटो काढत बसते म्हणून तिचा मोबाइल सध्या काढून घेतला आहे. ते लिहितात: ‘बजेट 35 हजार. माझ्या फोनला 108 मेगापिक्सेल आणि दुकानदार 24 मेगापिक्सेलचा कॅमेरा दाखवतो, हे काय गौडबंगाल? घेतलाच तर असा सुचवा, की लग्नाच्या ऑर्डरी घेऊन, सिंहस्थात फोटो काढून पैसे वसूल होतील. या क्षेत्रात स्कोप आहे का?’)

नमस्कार,

95 पर्सेंटाइल, 108 मेगापिक्सेल, 35 हजार. तुमच्या पत्रात आकडे भरपूर आहेत. मुलगी फोटो कशाचे काढते, हे मात्र कुठेच नाही. तुम्ही पाहिलेत का ते? मोबाइल कपाटात ठेवण्याआधी निदान गॅलरी उघडली असतीत तर तुमच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं तिथंच मिळाली असती.

मला त्या अटीची जास्त काळजी वाटते. जे तिला आवडतं ते आज बंद, आणि तेच दीड वर्षानं बक्षीस म्हणून परत. तुम्हाला हे प्रोत्साहन वाटतंय. तिच्या बाजूनं पाहिलं तर ही जप्ती आहे. त्यात तुम्ही अट घातलीत ती पर्सेंटाइलची. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. तिचा पेपर कसा गेला एवढ्यावर तो ठरत नाही, बाकीच्यांचे कसे गेले यावरही ठरतो. समजा 94.2 आला. कॅमेरा दिलात तर तुमच्या शब्दाला किंमत उरली नाही. नाही दिलात तर पाऊण पर्सेंटाइलसाठी बापानं नाही म्हटलं, हे ती जन्मभर लक्षात ठेवेल. आणि 96 आला तरी ती अभ्यास कशासाठी करत होती, हे तुम्हाला कळणार नाही. अभ्यासाची शिस्त लावायची असेल तर जरूर लावा, वेळ ठरवून द्या, रात्री फोन बाहेरच्या खोलीत ठेवा. त्यासाठी कॅमेऱ्याला ओलीस धरू नका.

आता ‘स्कोप’. तिनं कॅमेरा मागितला. करिअर मागितलं नाही. ते तुम्ही जोडलंत. तिनं सायकल मागितली असती तर सायकलिंगमध्ये स्कोप आहे का, असं विचारणारं पत्र मला लिहिलं असतंत का? सतराव्या वर्षीच्या आवडीला लगेच हिशोबाच्या वहीत बसवायची घाई आपल्या घरांमधून फार. त्र्यंबकला जन्मलेले दादासाहेब फाळके नाशिककरांना वेगळे सांगायला नकोत. 1913 साली त्यांनी पहिला चित्रपट पडद्यावर आणला तेव्हा चाळिशी उलटली होती. त्याआधी चित्रकला शिकून झाली, फोटो स्टुडिओ काढून झाला, छपाईचा धंदा करून झाला. यातलं करिअर कोणतं आणि नाद कोणता, हे तेव्हा कुणाला सांगता आलं असतं?

तरीही उद्या तिनं स्वतःहून विचारलंच तर सांगा: अप्लाइड आर्टच्या पदवीसाठी राज्याची वेगळी सीईटी असते, एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतला फोटोग्राफी डिझाइन आणि पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट संस्थेतला सिनेमॅटोग्राफी हे अभ्यासक्रम पदवीनंतरचे आहेत. म्हणजे बारावी सायन्समुळे यातलं काहीच बंद होत नाही.

गौडबंगालाचं बोलू. मेगापिक्सेल म्हणजे फोटो किती ठिपक्यांचा बनतो ती संख्या. फोटो किती चांगला येईल याचं ते माप नाही. ए-फोर आकाराची उत्तम छपाई करायची तरी 9 मेगापिक्सेलच्या आत काम भागतं. फरक पडतो तो सेन्सरच्या, म्हणजे आत उजेड टिपणाऱ्या चकतीच्या आकारानं. नवशिक्यांसाठीच्या डीएसएलआरमधला सेन्सर साधारण 22 मिलिमीटर रुंद आणि 15 मिलिमीटर उंच असतो; फोनमधला त्याच्या कितीतरी पट लहान. त्या चिमुकल्या जागेत 108 मेगापिक्सेल कोंबले की एकेका ठिपक्याच्या वाट्याला उजेड येतो नखभर. म्हणून असे फोन बहुतेक वेळा नऊ-नऊ ठिपके एकत्र करून तुम्हाला 12 मेगापिक्सेलचाच फोटो देतात. तुमचा फोन वाईट आहे असं नाही. भर दुपारी तो छानच फोटो काढेल, त्यातलं सॉफ्टवेअर फार हुशार असतं. पण संध्याकाळी रामकुंडावर आरतीच्या उजेडात, किंवा पळत्या पोराचा फोटो घेताना, शटर किती वेळ उघडं ठेवायचं आणि लेन्समधलं उजेडाचं भोक, म्हणजे अ‍ॅपर्चर किती, हे स्वतः ठरवायचं असेल तर कॅमेरा लागतो. दुकानदारानं तुम्हाला फसवलेलं नाही.

वसुलीचा विचार मात्र डोक्यातून काढून टाका. लग्नात सप्तपदी पुन्हा घ्यायला सांगता येत नाही. म्हणून कामाचा फोटोग्राफर दोन कॅमेरे, फ्लॅश आणि शक्यतो दोन मेमरी कार्डांवर एकाच वेळी फोटो साठवणारी बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) घेऊन जातो. नवशिक्यांसाठीच्या डीएसएलआरमध्ये कार्डाची जागा एकच. कार्ड गेलं की लग्न गेलं, आणि वधूपित्यासमोर उभी कोण राहणार, तर तुमची मुलगी. सिंहस्थात पर्वणीच्या गर्दीत अठरा वर्षांच्या पोरीनं गिऱ्हाईक शोधत फिरायचं, हे तुम्हाला खरंच चालणार आहे? ती तिथं फोटो काढायला गेली तर चांगलंच आहे. पैसे काढायला नको.

कॅमेरा. कॅनन आणि निकॉन दोघांचाही भर आता आरसा नसलेल्या ‘मिररलेस’ कॅमेऱ्यांवर आहे, स्वस्त डीएसएलआरची नवी मॉडेलं येत नाहीत. शिकणाऱ्याचा त्यात फायदाच, कारण वापरलेले चांगले कॅमेरे बाजारात भरपूर आहेत आणि तुमच्या बजेटमध्ये मी तेच बघेन. कॅननचा 1500डी किंवा निकॉनचा डी3500: दोन्ही 2018चे, दोन्ही 24 मेगापिक्सेलचे, सोबत 18-55 मिलिमीटरची साधी झूम लेन्स. कॅननचा 3000डी नको. त्यात लेन्स अडकते ती कडी प्लॅस्टिकची आहे, आणि डोळा लावून बघायच्या व्ह्यूफाइंडरला चष्म्याचा नंबर जुळवायची सोय नाही. निकॉन घेतलात तर एक खोच लक्षात ठेवा. या बॉडीत फोकसची मोटर नसते, त्यामुळे स्वस्तात मिळणारी, स्वतःची मोटर नसलेली जुनी एएफ-डी लेन्स बसते खरी, पण फोकस हातानं करत बसावा लागतो. लेन्सवर ‘एएफ-एस’ किंवा ‘एएफ-पी’ लिहिलेलं बघा.

जुना घेताना शटर काउंट, म्हणजे आजवर किती फोटो काढून झालेत, ते विचारा. या वर्गातलं शटर साधारण 1 लाख फोटोंच्या हिशोबानं बनवलेलं असतं. 20-25 हजार झाले असतील तर बिनधास्त घ्या. अ‍ॅपर्चर एफ/16 (म्हणजे भोक बारीक) ठेवून पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा, सेन्सरवर धूळ असेल तर डाग दिसतील. लेन्समधून मोबाइलची टॉर्च मारून बघा. आत कोळिष्टकासारखे पांढरे धागे दिसले तर ती बुरशी, तिथून उठायचं. आपल्याकडच्या पावसाळ्यात ती तुमच्या घरीही होऊ शकते, म्हणून हवाबंद डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या आणून ठेवा.

बॅग, ट्रायपॉड, फिल्टर असली ‘फ्री’ जत्रा नको. लांबचं जवळ दाखवणाऱ्या 55-250च्या दुसऱ्या लेन्सचाही मोह नको. नांदूर मध्यमेश्वरला पक्षी टिपायला ती तशीही तोकडीच पडते. पैसे उरले तर 50 मिलिमीटर एफ/1.8 ही झूम नसलेली लेन्स घ्या. 50 मिलिमीटरवर 18-55 जितका उजेड आत घेते, त्याच्या जवळजवळ दहापट ही घेते. पण हे सहा महिन्यांनी, आणि तिनं मागितली तर.

मोबाइल आजच परत द्या. कॅमेरा दिवाळीच्या सुट्टीआधी, सीईटीचं नावही न काढता. घ्यायला तिला बरोबर न्या. पकड हाताला बसते का, बटणांपर्यंत बोट पोचतं का, हे तिलाच कळणार आहे. प्रश्न तिला विचारू द्या, भाव तिला करू द्या. तुम्ही पैसे द्या आणि गप्प उभे राहा.