विहिरीचं पाणी आणि अणुकचरा

माण तालुक्यातून एका ताईंचं पत्र आलं आहे. त्यांची मुलगी पुण्यात भूशास्त्रात एम.एस्सी. करते आहे, पहिलं वर्ष. त्या लिहितात, ‘विहिरीला पाणी कुठे लागेल ते सांगेल म्हणून शिकायला पाठवली. आता म्हणते, अणुभट्टीतला कचरा जमिनीखाली कसा पुरायचा, त्यात काम करणार. किरणांनी तिचं काही बरंवाईट झालं तर? उद्या लग्न, मूलबाळ? आणि एवढं शिकून कचराच का?’

ताई, तुमची लेक वाट सोडून कुठे गेलेली नाही, हे आधी सांगते. तुम्हाला जी विद्या तिने शिकावी असं वाटत होतं, तीच तिला तिथे लागणार आहे.

आपल्याकडे अणुभट्टीतून काढलेलं इंधन तसंच पुरत नाहीत. आधी त्यातून उपयोगाचं युरेनियम आणि प्लुटोनियम काढून घेतात. मागे नायट्रिक आम्लातलं एक द्रावण उरतं. आकारमानाने ते एकूण किरणोत्सारी कचऱ्याचा अगदी छोटा भाग, पण जवळपास सगळा किरणोत्सार त्यातच. कचऱ्याची वर्गवारी करताना मुख्य प्रश्न दोनच असतात: किती तीव्र, आणि किती काळ? दवाखान्यातला काही कचरा थोडे दिवस बाजूला ठेवला की त्याचा किरणोत्सार ओसरतो. प्लँटमधले हातमोजे, कपडे, पुसायची फडकी जमिनीलगतच्या काँक्रीटच्या खंदकांत जातात. हे द्रावण मात्र दोन्ही प्रश्नांत सगळ्यात वरचं. त्यातल्या सिझियम-१३७ या किरणोत्सारी द्रव्याचं अर्धायुष्य (निम्मं उरायला लागणारा काळ) ३० वर्षांचं, म्हणजे ३०० वर्षांत त्याचा हजारावा हिस्सा उरतो. पण त्याच द्रावणात टेक्नेशियम-९९ आणि नेप्च्युनियम-२३७ सारखी द्रव्यंही असतात, ज्यांची वर्षं लाखांत मोजावी लागतात.

म्हणून त्याची काच करतात. काच बनवायचे घटक मिसळून हजार अंशांच्या आसपास वितळवायचं, पोलादी डब्यात ओतायचं आणि झाकण दुरूनच वेल्ड करायचं. हे काम आपल्या महाराष्ट्रात तारापूर आणि ट्रॉम्बेला होतं, शिवाय तमिळनाडूत कल्पाक्कमला. भरलेले डबे चांगलेच गरम असतात. तारापूरला ते काही दशकं हवेच्या नैसर्गिक वहनाने थंड होत ठेवायची सोय आहे. त्यानंतरचा मुक्काम जमिनीखाली, काहीशे मीटर खोल खडकात, असा बेत आहे.

तुमच्या लेकीचा विषय इथे सुरू होतो. आपल्या काळ्या पाषाणात विहीर खणली की पाणी कुठून येतं ते तुम्हाला मी सांगायला नको. ते येतं भेगांतून. पुरलेल्या अणुकचऱ्याची सगळी काळजी याच भेगांतल्या पाण्याची आहे. डबा कधीतरी गंजेल, काच अतिशय सावकाश विरघळेल, मग ते पाणी किती वर्षांनी कुठे पोचेल? विहिरीसाठी पाणी वाहणारी भेग शोधायची. इथे असा खडक शोधायचा जिथे पाणी जवळजवळ हलतच नाही, आणि तो तसा आहे हे सिद्ध करायचं. माझ्या मते दुसरं काम जास्त अवघड आहे.

फिनलंडमधल्या ओल्किलुओटो बेटावरचं ओन्कालो हे अणुकचऱ्याचं भूगर्भ-भांडार तिने नीट अभ्यासावं. तिथला खडक सुमारे १९० कोटी वर्षं जुना. ते लोक आपल्यासारखं इंधनातून युरेनियम-प्लुटोनियम काढून घेत नाहीत, वापरलेलं इंधनच तांब्याच्या डब्यांत घालून चारशे मीटरहून खोल ठेवायची योजना आहे. भोवती बेंटोनाइट माती, जी पाणी लागलं की फुगते आणि फटी बुजवते. जागेचा शोध १९८०च्या दशकात सुरू झाला, खोदकाम २००४ मध्ये. एका भूशास्त्रज्ञाची अख्खी नोकरी त्यात सरली असेल. आपल्याकडेही कोलारच्या सोन्याच्या खाणीतल्या बंद भागात, सुमारे हजार मीटर खोल, खडक तापवून तो कसा वागतो याचा प्रयोग काही वर्षं चालला होता. भारतात असं भूगर्भ-भांडार मात्र अजून नाही, आणि त्याची घाई नाही असंच अणुऊर्जा विभागाचं म्हणणं राहिलं आहे. हे तिला आधीच माहीत असलेलं बरं. ज्याला केलेलं काम पाच वर्षांत उभं राहिलेलं बघायचंय, त्याने या वाटेला जाऊ नये.

आता तुमची खरी काळजी. भूशास्त्रज्ञाच्या हातात बहुतेक वेळ खडकाचे नमुने आणि पाण्याच्या बाटल्या असतात, कचरा नव्हे. प्रत्यक्ष प्लँटमध्ये काम करणारेही जाड काँक्रीटच्या भिंतीआडून, शिशाच्या काचेतून बघत, यांत्रिक हातांनी काम करतात. प्रत्येकाच्या छातीवर किरणमापक बिल्ला असतो. मर्यादा पाच वर्षांत मिळून १०० मिलिसीव्हर्ट (अंगाला लागलेले किरण मोजायचं माप), आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. बाईने गरोदर असल्याचं कळवलं की पोटातल्या बाळासाठी गरोदरपणाच्या उरलेल्या सगळ्या काळात मिळून १ मिलिसीव्हर्टची मर्यादा लागते. (जगात सरासरी माणसाला निसर्गातूनच वर्षाला दोन-तीन मिलिसीव्हर्ट मिळतात.) तेव्हा ही नोकरी लग्नाच्या आड येते असं कुणी म्हणालं तर खुशाल हे आकडे त्यांच्यासमोर ठेवा.

या क्षेत्रातला धोका बहुतेकदा निष्काळजी नोंदीतून येतो. अमेरिकेत न्यू मेक्सिकोमध्ये मिठाच्या थरात, साडेसहाशे मीटर खोल, अण्वस्त्रांच्या कामातून आलेला कचरा ठेवतात. २०१४ मध्ये तिथे एक पिंप आतून तापून फुटलं. नायट्रेट क्षार असलेल्या कचऱ्यात ओल शोषायला पाळीव मांजरांच्या शी-शूसाठी वापरतात ती खनिज माती घालायची, त्याऐवजी गव्हापासून बनवलेली घातली गेली होती. नायट्रेटला जळायला खाद्य मिळालं. जवळपास तीन वर्षं तिथे कचरा ठेवणं बंद राहिलं. खडक अगदी चांगला होता. पिंपात नेमकं काय आहे, तिथेच चूक झाली. म्हणून तिला सांगा, रसायनशास्त्र सोडू नकोस. भू-रसायनशास्त्र आणि भूजल, हे दोन विषय पक्के हवेत.

वाटा सांगते. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या प्रशिक्षण शाळेची जाहिरात दरवर्षी पाहावी, पण तिथली भूशास्त्राची भरती प्रामुख्याने युरेनियम शोधण्याच्या कामासाठी असते. कचरा व्यवस्थापनात रसायन आणि यांत्रिकी अभियंत्यांना जागा जास्त आहेत. त्यामुळे मी तिला पीएच.डी.चा रस्ता सुचवेन. त्यासाठी गेटचा भूशास्त्राचा पेपर आणि नेट, या दोन्ही पात्रता परीक्षा द्याव्यात. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेत कठीण खडकातल्या भूजलावर चांगलं काम झालंय. तिथे किंवा होमी भाभा राष्ट्रीय संस्थेत मार्गदर्शक शोधावा. बरोबर यूपीएससीची भूवैज्ञानिक परीक्षाही द्यावी. केंद्रीय भूजल मंडळात लागली तर घराला आधार होईल आणि हातचा विषयही सुटणार नाही.

आणि एक काम तुम्ही दोघींनी मिळून करा. मे महिन्यात ती घरी येईल, तेव्हा तुमची विहीर तळाला गेलेली असेल. वही-पेन्सिल आणि होकायंत्र घेऊन तिला काठावर बसवा. उघड्या पडलेल्या भिंतीतली प्रत्येक भेग कुठल्या दिशेची, किती रुंद, कोरडी की पाझरणारी, हे काढायला लावा. कुठल्या भेगेतून पावसानंतर आधी पाणी येतं ते तुम्ही सांगा, तिने लिहून घ्यावं. मार्गदर्शकाला भेटायला जाईल तेव्हा ती वही बरोबर न्यावी.